तंबोऱ्याच्या जोडीतली लाट: दोन्ही तारा वाजतायत, मग मधला आवाज जातो कुठे?

मंद्रसप्तक
रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

पंचेचाळिशीत गाणं शिकायला लागले, त्याला आता दोन वर्षं होतील. आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फोनवरचा तंबोरा चालेल, पण वर्षभरच. नंतर स्वतःचा घ्यायचा आणि स्वतः लावायचा. दिवाळीत एक जुना मिरजेचा तंबोरा मिळाला. तेव्हापासून रोज रियाझाच्या आधी अर्धा तास त्याच्याशी झटापट चालू आहे.

प्रश्न जोडीच्या, म्हणजे एकाच षड्जावर लावायच्या मधल्या दोन तारांचा आहे. एक तार एकटी छेडली की आवाज सरळ येतो आणि हळूहळू विरत जातो. दुसरीचंही तसंच. दोघी एकापाठोपाठ छेडल्या की मात्र आवाज डोलायला लागतो. वाँव… वाँव… वाँव, मोठा-बारीक, मोठा-बारीक. खुंटी चुकीकडे पिळली तर डोल जलद होतो, बरोबर दिशेने पिळली तर संथ. मग घोडीखालचा मणी केसभर सरकवत राहायचं. डोल लांबत लांबत जातो आणि एका क्षणी नाहीसाच होतो. बाई म्हणतात, "सूर ऐकू नकोस, लाट ऐक. लाट निजली की तार लागली."

लाट निजवता येते आता, पण ती येते का हे कळत नाही. माझे तीन प्रश्न:

दोन्ही तारा एकेकट्या सरळ वाजतात, मग एकत्र वाजल्यावर हा डोल कुठून येतो? तारा जवळ आल्या की तो संथ का होतो? आणि तिसरा, ज्यासाठी खरं तर धागा काढलाय: आवाज बारीक होतो त्या क्षणी मी बोटाच्या पेराने तारांना हळूच स्पर्श करून पाहिलं. दोन्ही थरथरतच असतात. मग तेवढ्या वेळापुरता त्यांचा आवाज जातो कुठे?

शाळेतलं विज्ञान विसरले आहे. समजेल अशा भाषेत सांगा.

---

कलांतर
रविवार, रात्री ११:०२

ताई, तिसरा प्रश्न फार चांगला आहे, त्याच्याकडे येतो. आधी पहिले दोन. (अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवत तीस वर्षं गेली, आता निवृत्त.)

तुमची पट्टी पांढरी पाच धरतो. म्हणजे जोडीचा षड्ज सेकंदाला सुमारे १९६ कंपनांचा. समजा एक तार १९६ वर आहे आणि दुसरी किंचित चढी, १९८ वर. तार हवेला ढकलते आणि ओढते, सेकंदाला १९६ वेळा. दुसरी तेच १९८ वेळा करते. सुरुवातीला दोघी एकाच वेळी ढकलत असतील तर हवेवरचा दाब दुप्पट, आवाज मोठा. पण दुसरी थोडी घाईत आहे. पाव सेकंदात ती पहिलीच्या अर्धं कंपन पुढे जाते. आता पहिली ढकलतेय तेव्हा दुसरी ओढतेय. बेरीज शून्याजवळ, आवाज बारीक. आणखी पाव सेकंदाने ती बरोबर एक अख्खं कंपन पुढे गेलेली असते, म्हणजे पुन्हा दोघी एकत्र. सेकंदात हे दोनदा घडतं: १९८ वजा १९६.

वारीत शेजारीशेजारी चालणारे दोन टाळकरी डोळ्यांसमोर आणा. एकाची लय किंचित चढी. काही वेळ दोघांचे टाळ एकदम पडतात, मग हळूहळू सुटत जातात, मग एकाच्या मधोमध दुसऱ्याचा पडतो, आणि पुन्हा जुळतात. लयीतला फरक जितका कमी तितका हा सुटण्याजुळण्याचा फेरा लांब. म्हणून तार जुळत आली की तुमचा डोल संथ होतो. फरक सेकंदाला एक कंपन असेल तर एक डोल, दहा सेकंदांत एक कंपन असेल तर दहा सेकंदांचा एक डोल. १९६ पैकी एका दशांश कंपनाची चूक नुसत्या कानाने पकडता येते ती अशी. सूर म्हणून ऐकायला गेलात तर एवढा फरक बहुतेकांना कळणार नाही. तुमच्या बाईंनी जे सांगितलं ते अगदी तंतोतंत आहे.

पुस्तकात या डोलाला विस्पंद म्हणतात. दोन लाटा एकाच जागी आल्या की त्यांची सरळ बेरीज होते, या तत्त्वाला अध्यारोपण, आणि बेरजेने कुठे वाढ, कुठे घट होते त्याला व्यतिकरण. विस्पंद हे काळात घडणारं व्यतिकरण. वाढ-घट जागेत मांडलेली असते तेव्हा एका खुर्चीवर आवाज मोठा आणि शेजारच्या खुर्चीवर बारीक.

बालीच्या गामेलानमध्ये तर जोडीची दोन वाद्यं मुद्दाम अशी किंचित वेगळी लावतात, सूर सतत डोलत राहावा म्हणून. त्या डोलाला त्यांच्या भाषेत ओम्बाक म्हणतात. अर्थ: लाट. तुमच्या बाईंचाच शब्द.

---

वही_पेन
सोमवार, सकाळी ७:३०

सर, मी बारावीला आहे. पुस्तकात दोन लाटांची बेरीज करून जे सूत्र येतं त्यात आयाम (लाटेची उंची) कमी-जास्त करणाऱ्या पदात वारंवारतांच्या फरकाच्या निम्मे येतात. १९६ आणि १९८ साठी तिथे १ यायला हवा. मग डोल दोन का?

---

कलांतर
सोमवार, सकाळी ८:१०

शाब्बास. वर्गात हा प्रश्न दहातला एखादाच विचारतो.

ते पद कोसाइन आहे. एका फेऱ्यात ते एकदा अधिक एक होतं आणि एकदा उणे एक. उणे एक म्हणजे लाट उलटी झाली, उंचवट्याच्या जागी खळगा. कानाला उलट-सुलट कळत नाही, त्याला फक्त किती मोठं ते कळतं. म्हणजे एका फेऱ्यात आवाज दोनदा मोठा. फरकाच्या निम्मे गुणिले दोन, आला पूर्ण फरक. वहीत आकृती काढ, ती उलटलेली बाजू रंगव. पुन्हा कधी शंका येणार नाही.

---

शंकासुर
सोमवार, दुपारी १:२५

वाचतोय. पण ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाला बगल देऊ नका. ऊर्जा नष्ट होत नाही हे आपण सगळे पाठ म्हणतो. दोन लाटा एकमेकींना खातात, बेरीज शून्य. मग दोघींची ऊर्जा गेली कुठे? "दुसरीकडे गेली" हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. कशी गेली, कोणी नेली?

---

कलांतर
सोमवार, रात्री ९:४०

बगल देत नाही, दिवसभर विचारच करत होतो कसं मांडावं याचा. तीन वेगळे प्रसंग आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. "दुसरीकडे गेली" हे त्यातल्या एकाचंच उत्तर.

पहिला. लांब दोरी घ्या. एका टोकाने वर उचललेला एक झटका सोडा, दुसऱ्या टोकाने तसाच पण खाली दाबलेला. मधोमध दोघे भेटतात त्या क्षणी दोरी सपाट दिसते. फोटो काढलात तर वाटेल इथे काहीच नाही. पण त्याच क्षणी दोरीचा तो तुकडा जोरात हलत असतो. झोका तळाशी येतो तेव्हा तो उंचावलेला नसतो, पण वेग सर्वांत जास्त असतो, तसंच. ऊर्जा वाकण्यात नाही, वेगात आहे. क्षणभराने दोन्ही झटके एकमेकांतून आरपार निघून आपापल्या वाटेने जातात, जसे आले तसेच. लाटा एकमेकींना खरं तर खात नाहीत. भेटतात तेवढीच बेरीज, पुढे दोघी शाबूत.

दुसरा. दोन स्पीकर, एकच सूर. इथे ऊर्जा खरोखर जागेत वेगळी वाटली जाते. लाट दुप्पट झाली तर ऊर्जा चौपट होते, कारण ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शांत जागी शून्य, मोठ्या जागी चार. सरासरी दोन, आणि स्पीकरही दोनच. हिशेब जुळला.

तिसरा, ताईंचा तंबोरा. हा मला सर्वांत आवडतो. दोन्ही तारा एकाच घोडीवर टेकलेल्या आहेत. तार स्वतः बारीक, ती हवेला फारशी ढकलू शकत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी पाटीला), आणि तबलीमुळे आपल्याला आवाज ऐकू येतो. आता दोन्ही तारा उलट्या पडल्या की एक घोडीला खाली दाबते तेव्हा दुसरी वर उचलते. घोडी जवळजवळ जागच्या जागी. मग तारांमधली ऊर्जा बाहेर पडणार कुठून? ती तारांतच राहते. ताई, तुमच्या बोटाला जाणवली ती तीच. तेवढ्या वेळापुरता आवाज कुठे *जात* नाही, तो अजून तारेतून निघालेलाच नसतो. पुढच्या पाव सेकंदात दोघी एकत्र आल्या की भराभर बाहेर पडतो.

पियानोत एका सुराला दोन-तीन तारा असतात, तिथे हेच घडतं. गॅब्रिएल वाइनराइख यांनी १९७७ साली दाखवून दिलं की पियानोचा सूर आधी झपाट्याने उतरतो आणि मग बराच वेळ रेंगाळतो, त्यामागे एकमेकींविरुद्ध हलणाऱ्या तारांचा मोठा हात आहे. त्या घोडीला हलवत नाहीत म्हणून त्यांची ऊर्जा हळू संपते.

---

मंद्रसप्तक
सोमवार, रात्री १०:०५

सर, काय सांगू! आत्ता पुन्हा करून पाहिलं. डोलाच्या खोलगट भागात एक तार बोटाने पटकन थांबवली. आवाज एकदम वाढला. एक तार बंद केली आणि आवाज वाढला! तीनदा केलं, तिन्ही वेळा. घरातले झोपलेत म्हणून थांबले.

---

शंकासुर
सोमवार, रात्री १०:२०

हे पटलं. "अजून निघालेलाच नसतो." इतकी वर्षं मला कोणी हे असं सांगितलं नव्हतं.

---

मिरजवाला
मंगळवार, सकाळी ११:१५

आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम, म्हणून थोडी भर घालतो. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, बाकी सगळं आमच्या गल्लीत. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद अजून आहे.

ताई, जोडी लागली की काम संपलं असं समजू नका. पुढचा त्रास खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार, देतो. जोडी निजलेली असते, तरी चारही तारा छेडल्या की वरती कुठेतरी काहीतरी हलत राहतं. शिकाऊ पोरं मग पुन्हा जोडीलाच हात लावतात आणि होतं नव्हतं ते बिघडवतात. दोष खर्जात किंवा पंचमाच्या तारेत असतो.

आणि जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, खुललेली असेल तर हे जास्त ऐकू येतं. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला किंचित उतार घासलेला असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत वाजते. त्यात तारेखाली दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. अर्ध्या मिलिमीटरने आवाज बंद पडतो किंवा एकदम मोर नाचल्यासारखा खुलतो. वडील घोडीवर कानस एकदा फिरवायचे आणि दहा वेळा ऐकायचे. जवारी बंद असलेल्या तंबोऱ्यावर खर्जाची चूक झाकली जाते, खुलल्यावर लपत नाही. असं का, ते सर सांगतील.

---

कलांतर
मंगळवार, दुपारी ४:५०

सांगतो, आणि यात आपल्याकडचं एक मोठं नाव येतं.

कुठलीही तार एकच सूर देत नाही. खर्ज ९८ चा असेल तर त्याबरोबर १९६, २९४, ३९२ असे त्याच्या पटीतले सूरही निघतात. समजा खर्ज पाव कंपनाने चढा आहे, ९८.२५. त्याची दुप्पट १९६.५, ती जोडीच्या १९६ शी दोन सेकंदांत एक डोल देते. त्याची चौपट ३९३, जोडीच्या दुपटीशी, म्हणजे ३९२ शी, सेकंदाला एक. आठपट ७८६, जोडीच्या चौपटीशी, ७८४ शी, सेकंदाला दोन. म्हणजे एकाच चुकीचे वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळे डोल, आणि जितकं वर ऐकाल तितकी चूक मोठी होऊन ऐकू येते. जवारी नेमकं हेच करते, वरचे सूर ठळक करते. जवारी म्हणजे लावणाऱ्याच्या हातातलं भिंगच म्हणा.

पंचमाचंही असंच. १४७ ची चौपट ५८८, जोडीच्या १९६ ची तिप्पट ५८८. पंचम लावताना कान तिथे ठेवायचा.

आता ते नाव. सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास कलकत्त्यात तंबोरा आणि वीणेचा अभ्यास केला. तारेचा एक जुना नियम होता: तार जिथे छेडली तिथे ज्या वरच्या सुराचा स्थिर बिंदू (त्या सुरात तारेची न हलणारी जागा) पडतो, तो सूर निघणार नाही. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाचा नियम. रामन यांनी दाखवलं की तंबोरा हा नियम पाळत नाही, न निघायला हवेत ते सूरही दणदणीत निघतात, आणि कारण त्या घासलेल्या घोडीत आणि दोऱ्यात आहे. कारागिरांनी कानाने शोधलेली गोष्ट होती ती.

त्या नियमातला यंग म्हणजे थॉमस यंग, ज्याने प्रकाशाचं व्यतिकरण दाखवलं तोच. पेशाने डॉक्टर. १८०० साली त्याने आवाज आणि प्रकाशावर एकत्र लिहिलं, त्यात दोन सुरांच्या विस्पंदांचा विचार आहे. मग त्याने विचारलं, आवाजाच्या लाटांची अशी बेरीज होते तर प्रकाशाची का होऊ नये? १८०३ साली रॉयल सोसायटीपुढे त्याने जो प्रयोग मांडला त्यात पुस्तकातल्यासारख्या दोन फटी नव्हत्याच. खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडून आलेली उन्हाची तिरीप, आणि तिच्यात आडवी धरलेली पुठ्ठ्याची एक कड, इंचाच्या तिसाव्या भागाइतकी जाड. पुठ्ठ्याच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश सावलीत भेटला आणि तिथे उजेड-अंधाराचे पट्टे उमटले. एका बाजूचा प्रकाश अडवला की सावलीतले ते पट्टे नाहीसे. प्रकाश *कमी* केला आणि अंधारे पट्टे गेले. ताईंनी काल रात्री एक तार थांबवली तेच हे.

---

बंदरावरचा
मंगळवार, रात्री ८:३०

मी हर्णैचा. गाण्यातलं काही कळत नाही, पण "दोन फेरे कधी जुळतात, कधी सुटतात" हे वाचून राहवलं नाही. सर, उधाण आणि भांग म्हणजे हेच ना?

अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती. पाणी जेट्टीच्या वरच्या पायरीला लागतं आणि सुकतीला इतकं मागे जातं की होड्या चिखलात बसतात. अष्टमीच्या आसपास भांग. भरतीला पाणी धड वर येत नाही, सुकतीला धड मागे जात नाही. माझे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, थोडं पुढेमागे. पंधरा दिवसांत एकदा फुगणार, एकदा बसणार. ताईंच्या तंबोऱ्याचा डोल एका सेकंदाचा, आमच्या समुद्राचा पंधरवड्याचा. बरोबर की ओढूनताणून?

---

कलांतर
मंगळवार, रात्री ९:१५

ओढूनताणून मुळीच नाही. आकडेही तसेच जुळतात.

चंद्रामुळे येणारी भरती दर १२ तास २५ मिनिटांनी, सूर्यामुळे येणारी दर १२ तासांनी. दोन किंचित वेगळ्या लयी. प्रत्येक खेपेला चंद्राची भरती २५ मिनिटं मागे पडते. असं मागे पडत पडत एक अख्खी भरती मागे पडायला पावणेपंधरा दिवस लागतात. तोच तुमचा पंधरवडा. आजोबांची पाऊणपटही याच मागे पडण्यातून येते, रोजची पन्नासेक मिनिटं म्हणजे तासाच्या पाऊणाहून थोडी जास्त.

आणि भांगाला पाणी हलायचं पूर्ण का थांबत नाही? कारण दोन लाटा सारख्या नाहीत. सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. चंद्र १ धरला तर सूर्य ०.४६. उधाणाला १.४६, भांगाला ०.५४. ताई, तुम्ही जोडीची एक तार जोरात आणि एक हळू छेडून बघा. डोल येईल, पण तळाशी आवाज पूर्ण बसणार नाही.

---

शंकासुर
मंगळवार, रात्री १०:००

इथे हरकत आहे. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की दोघांची ओढ एका दिशेने, म्हणून पाणी जास्त चढतं. हे तर सरळ गुरुत्वाकर्षण. यात लाटा आणि व्यतिकरण आणायची गरज काय?

---

कलांतर
मंगळवार, रात्री १०:४५

दोन्ही बोलणी एकाच गोष्टीची आहेत. तुम्ही आकाशाकडे बघून सांगताय, दादा जेट्टीवर उभे राहून. पण जेट्टीवरून सांगण्याचा एक मोठा फायदा आहे. आकाशातल्या रेषेवरून हर्णैला पाणी किती वाजता आणि किती चढेल ते काढता येत नाही. भरती ही समुद्रातून प्रवास करत येणारी लाट आहे, किनाऱ्याला, आखाताला, उथळ पाण्याला आपटत, वळत येते. म्हणून उधाण नेमक्या पौर्णिमेला न येता बहुधा एक-दोन दिवसांनी येतं. भरतीचं कोष्टक करणारे लोक प्रत्येक बंदरासाठी चंद्राची लाट, सूर्याची लाट आणि इतर बारीक लाटा वेगळ्या मोजतात आणि नुसती बेरीज करतात. मुंबईत साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे पावसाळी दिवस महापालिका आधीच जाहीर करते, ते याच बेरजेच्या जोरावर.

भरतीत लाटांच्या बेरजेचा विचार न्यूटनने १६८७ सालीच केला होता. व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात दिवसाला दोन ऐवजी एकच भरती येते, आणि पंधरवड्यातून एखाद्या दिवशी पाणी हलतच नाही. न्यूटनने मांडलं की तिथे भरती दोन समुद्रमार्गांनी येते, एक सहा तास उशिरा आणि दुसरी बारा तास, आणि एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडतो. आज त्या आखाताचं स्पष्टीकरण वेगळं देतात, आखाताच्या आकारामुळे चोवीस तासांची लाट तिथे फुगते असं. पण दोन वाटांनी आलेली एकच लाट स्वतःलाच पुसू शकते हा विचार यंगच्या शंभरावर वर्षं आधी कागदावर आला होता.

---

शंकासुर
मंगळवार, रात्री ११:१०

हरकत मागे घेतो. "दोन वाटांनी आलेली एकच लाट" यावर आता झोप लागेपर्यंत विचार करणार.

---

नागनाथकर
बुधवार, सकाळी ९:२०

दोन वाटांनी आलेली एकच लाट म्हटल्यावर आमचा जिल्हा मागे कसा राहील? मी औंढा नागनाथचा, हिंगोली जिल्हा. आजवर गाव ज्योतिर्लिंगासाठी ओळखलं गेलं, आता गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेसाठीही ओळखलं जाईल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटींची मंजुरी दिली.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या एका व्याख्यानात जे समजलं ते माझ्या शब्दांत: एक लेझर किरण दुभंगून काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन बोगद्यांत सोडायचा. टोकांच्या आरशांवरून दोन्ही परत येतात आणि भेटतात. बोगद्यांची लांबी अशी राखायची की जिथे मोजायचं त्या बाजूला उंचवट्यावर खळगा पडावा, म्हणजे जवळजवळ अंधार. गुरुत्वीय लहर गेली की एक बाजू किंचित लांबते, दुसरी आखडते, बेरीज बिघडते आणि अंधारात प्रकाश झिरपतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन्ही केंद्रांना पहिल्यांदा असा संकेत मिळाला, १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याचा. चार किलोमीटरमधला तो बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या काही शतांश इतकाही नव्हता.

शंकासुर यांच्या प्रश्नाचं एक उत्तर इथेही आहे. मोजण्याच्या बाजूला अंधार म्हणजे प्रकाश गेला कुठे? तो सगळा उलट लेझरच्या बाजूला परत येतो. तो वाया जाऊ नये म्हणून तिथे एक आरसा बसवून पुन्हा आत पाठवतात. हे ऐकलं तेव्हा मी व्याख्यानातच टाळी वाजवली होती.

---

चष्मेवाली
बुधवार, दुपारी २:४०

चष्म्याच्या काचेवरचा तो हिरवट-जांभळा लेप हेच करतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून चारेक टक्के प्रकाश परत फिरतो. लेपाच्या वरून आणि खालून परतणारे दोन किरण उलटे पडावेत अशी त्याची जाडी ठेवतात, तरंगलांबीच्या पावपट. परतीचा प्रकाश पुसला जातो आणि तेवढा जास्त काचेतून डोळ्यात जातो. म्हणजे इथेही ऊर्जा कुठे हरवत नाही. रंग दिसतो कारण एक जाडी सगळ्या रंगांना सारखी लागू पडत नाही.

एक शंका: विमानात घालतात ते आवाज पुसणारे हेडफोन घरघर छान पुसतात, पण शेजारचं बोलणं फारसं नाही. का?

---

कलांतर
बुधवार, संध्याकाळी ६:३०

लाटेच्या लांबीमुळेच. घरघरीचा १०० कंपनांचा सूर घेतला तर एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब. सेंटिमीटरभर इकडेतिकडे झालं तरी उंचवट्यावर खळगा बसतो. बोलण्यातल्या स-श-च च्या ३,००० कंपनांच्या सुराची लाट अकरा-बारा सेंटिमीटरची. तिथे तेवढ्याच चुकीने पुसणं अर्धवट राहतं, आणि चूक थोडी वाढली किंवा हेडफोनने काढलेली उलटी लाट उशिरा निघाली तर पुसायच्या ऐवजी भरच पडते.

---

वही_पेन
बुधवार, रात्री ९:५०

आज मित्राच्या आणि माझ्या फोनवर सूर काढणारं ॲप घेतलं. एकावर ४४०, दुसऱ्यावर ४४१. सेकंदाला बरोबर एक डोल, घड्याळ लावून मोजला. ४४५ ला पाच, मोजता आले. ४६० ला मोजता येत नाही, आवाज नुसता खरखरीत लागतो.

मग एकच फोन टेबलावर ठेवून १,००० चा सूर लावला आणि एक कान बंद करून डोकं हळूहळू सरकवलं. मोठा, बारीक, मोठा, बारीक! फोन एकच, पण भिंतीवरून परत आलेला आवाज त्याला भेटत असणार. आईला बोलावून दाखवलं, तिलाही आलं. काही ठिकाणी आवाज इतका बारीक होतो की फोन बंद पडला असं वाटतं.

---

मंद्रसप्तक
शुक्रवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज क्लासमध्ये काय झालं ते सांगते.

मिरजवाल्या दादांनी सांगितलं तसंच होतं. जोडी निजलेली, पण वर काहीतरी हलत होतं. मागच्या महिन्यात हेच ऐकून मी तीनदा जोडी सोडली होती. आज जोडीला हात लावला नाही. फक्त खर्ज छेडला, त्यापाठोपाठ जोडी, आणि कान खालच्या सुरावर न ठेवता वर ठेवला, जिथे जवारी झणझणते तिथे. सेकंदाला दोनेक डोल तिथे स्पष्ट होते. खाली, षड्जाच्या जागी, तोच डोल इतका संथ होता की आजवर मला ऐकूच आला नव्हता. खर्जाचा मणी नखाने ढकलला. वरचा डोल सेकंदाला एक झाला, मग दोन-तीन सेकंदांचा, मग थांबला. त्यानंतर पंचम, ५८८ च्या आसपास कान ठेवून. तो आकडा मला ओळखता येत नाही, पण जागा सापडली.

चारही तारा छेडल्या तर मी न गाताच वर गंधार ऐकू यायला लागला. बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत, समोर बसल्या आणि गायला लागल्या.

दादा (हर्णैवाले), पुढच्या महिन्यात दापोलीला येणं आहे. पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या दिवशी जेट्टीवर यायचंय, उधाण बघायला. आणि आठवडाभर राहता आलं तर त्याच पायरीवर उभं राहून भांगही.

---

बंदरावरचा
शुक्रवार, रात्री १०:४५

या ताई, जरूर या. पौर्णिमेनंतर दुसऱ्या दिवशी म्हणजे भरती दीड वाजायच्या सुमारास. पाण्याची खूण कुठल्या पायरीपर्यंत गेली ते खडूने लिहून ठेवतो, आठ दिवसांनी तुम्हीच मोजा.